जर्मन बोलायला वालूरला

लोक जर्मन बोलायला कुठे कुठे जातात. मी परभणी जिल्ह्यात गेले. मनमाडला गाडी बदलल्यावर शेजारच्या बाईंनी "कुणाकडे लग्न आहे का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की जर्मनच्या तोंडी परीक्षेची तयारी करायला वालूरला चालले आहे. बाईंनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

त्यांचं काही चुकलं नाही, पण हकिगत खरी होती. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात काम करते, तिथे गिअर घासायचं एक जर्मन मशीन येणार होतं. ते शिकून यायला दोन माणसं तिकडे पाठवायची होती, एक ड्रॉइंग ऑफिसातलं आणि एक शॉपमधलं, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर काम करणारं. दोघांना कामापुरतं जर्मन बोलता यायला हवं, म्हणून परीक्षा. तिचा शेवटचा भाग म्हणजे जोडीची चर्चा. कामावरची एखादी अडचण चिठ्ठीवर लिहून देतात आणि दोघांनी परीक्षकासमोर त्यावर बोलायचं. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने शंका काढायची, हो-नाही करत एका निर्णयाला यायचं. जोडी पास झाली तर दोघं जाणार, नाहीतर दोघं घरी. माझी चाळिशी उलटलेली. पुन्हा असं मशीन येईल तेव्हा मी कारखान्यात असेन की नाही कोण जाणे. मला जायचं होतं, अगदी हावऱ्यासारखं जायचं होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

माझा जोडीदार नागनाथ. शॉपमधला फिटर, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, मूळचा वालूरचा. जर्मन मॅन्युअल पुढे ठेवलं तर धडाधड वाचायचा. चर्चेला बसवलं की मात्र कल्याण! सरावाच्या तासाला चिठ्ठी निघाली: शॉपमध्ये जड माल हलवायला फार वेळ जातो, काय करावं? मी म्हटलं, नवी क्रेन घेऊ. नागनाथ म्हणाला, "या, गूट." म्हणजे हो, छान. आणि गप्प. दुसऱ्या चिठ्ठीला तेच, तिसऱ्या चिठ्ठीला तेच. आमच्या जर्मनच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, याला चर्चा म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या, "ही नुसती सही झाली."

त्यात परीक्षा तोंडावर असताना हा गडी रजा टाकून गावी गेला. मळ्यातली मोटर जळाली होती म्हणे. मी एक दिवस चरफडले आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. आमचे हे म्हणाले, "अगं, येईल की तो आठवड्यात." मी म्हटलं, "येईल, आणि 'या, गूट' म्हणेल."

सेलू

सेलूला सकाळी उतरले. पौषातली थंडी होती आणि स्टेशनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग सरकारी खरेदी केंद्राकडे लागलेली. नागनाथ घ्यायला आला होता. कारखान्याच्या निळ्या डगल्यात पाहिलेला माणूस इथे पायजम्यात आणि मफलरात होता, आणि मुख्य म्हणजे बोलत होता! हमालाशी, चहावाल्याशी, जीपवाल्याशी, सगळ्यांशी. मला आधी रागच आला. मग इथे याचं तोंड उघडतं, तर तिकडे काय दाढ दुखते?

स्टँडच्या एका भिंतीवर 'नामांतर झालेच पाहिजे' असं निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि समोरच्या भिंतीवर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत विरोध. विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, पण नाव अजून बदललं नव्हतं. गाडीत चढणारे लोक कुठल्याच भिंतीकडे पाहत नव्हते.

"गावात काय बोलतात यावर?" मी नागनाथला विचारलं.

"बोलत न्हाईत मॅडम," तो म्हणाला. "ज्याला बोलायचं त्यो भितीवर लिवून जातो. समोरासमोर कोन बोलंल?"

मी पुण्याची. आमच्याकडे समोरासमोर बोलायची हौस एवढी, की दारात आलेल्या माणसाला 'आत्ता वेळ नाही' हे आम्ही दार पूर्ण उघडायच्या आत सांगतो. त्याचं उत्तर मला पटलं नाही, पण जीप सुटली आणि खड्ड्यांत दोघांचंही बोलणं थांबलं.

वालूर

घर माळवदाचं, जाड भिंतींचं, आत शिरलं की थंडी कमी झाली. नागनाथचे वडील, अप्पा, नुकतेच पूजेवरून उठले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. "शरनार्थ," त्यांनी हात जोडले आणि एवढं बोलून ते ओसरीच्या टोकाला जाऊन बसले. अप्पा कमी बोलतात हे मला लगेच कळलं. त्याची भरपाई नागनाथची माय करत होती. ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. पुरे म्हटलं की माऊली एक भाकरी आणखी टाकायची. शेवटी मी ताटावर आडवी पडायचीच बाकी राहिले.

दुपारी ओसरीवर सराव सुरू केला. मी नागनाथला बजावलं होतं, की आज तू माझ्या प्रत्येक सूचनेला विरोध करायचा. मी जर्मनमध्ये म्हटलं, कामगारांची जेवणाची सुट्टी कमी करू. नागनाथने घसा खाकरला आणि जोर करून म्हणाला, "नाइन!"

चुलीपाशी भांडं वाजायचं थांबलं. माय पदराला हात पुसत बाहेर आली. "काय म्हनला रे तू बाईला?"

"काय न्हाई, अभ्यास हाय."

"मला शिकवू नगंस. अंगावर गेल्यावानी बोललास. काय म्हनलास?"

"न्हाई म्हनलं, माय. जर्मनमदी."

"पाव्हनीला न्हाई म्हनायलास?" माय एवढी दुखावली, की मलाच अपराधी वाटलं. "एवढ्या दुरून बाईमानूस आली, आन् हा तिला न्हाई म्हनायलाय!" तिने माझी माफी मागितली, वर गुळाचा चहा दिला, आणि नागनाथला वैरण टाकायला हाकललं. घ्या! कोपऱ्यातून अप्पा पाहत होते, ते हसल्यासारखे वाटले.

संध्याकाळच्या आत आम्ही सरावाचा मुक्काम हलवला. वालूरमध्ये जुन्या बारवा आहेत. त्यातली एक गाळाने अर्धी भरलेली, पण वरच्या पायऱ्या शाबूत. माय तिथे येणार नव्हती. मी निघताना तिला म्हटलं होतं, "तुम्ही एकदा पुण्याला या, माझ्याकडे राहा." ती लगेच म्हणाली होती, "येऊ की." मला बरं वाटलं होतं.

"येनार न्हाई ती," बारवेच्या पायरीवर बसत नागनाथ म्हणाला.

"अरे, हो म्हणाली की तोंडावर!"

"कवा यावं, कुटं उतरावं, संगं काय आनावं, इचारलं का तिनं? यायचं असतं तर इचारलं असतं. आमच्याकडं मॅडम, मान्सानं लगीच हो म्हनलं आन् काईच इचारलं न्हाई, की समजायचं न्हाई म्हनला. तोंडावर न्हाई म्हनून कुनाचं मन कामून मोडायचं?"

डोक्यात काहीतरी खटकलं. "नागनाथ, क्रेनच्या वेळी तू 'या, गूट' म्हणालास..."

तो खाली बघायला लागला. "ती क्रेन न्हाई चालनार मॅडम. आपल्या शेडचे खांब जुने हायेत."

"आणि दुसरी चिठ्ठी? तिसरी?"

"त्या बी न्हाई."

अरे देवा! म्हणजे महिनाभर हा माझ्याशी भांडत होता, आणि मला आणि बाईंना वाटत होतं की याला बोलता येत नाही. मला एवढं हसू आलं, की गाळात बसलेली वटवट्यासारखी कसलीशी पाखरं उडाली. नागनाथ मात्र हसला नाही. पायरीवरचं गवत उपटत बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी हितपत्तुर आलात म्हनून सांगतो. अप्पाला मी जर्मनीचं सांगितलं तवा ते म्हनले, बरं हाय, जा."

"मग?"

"मग काई न्हाई. काईच इचारलं न्हाई त्यांनी."

माझं हसू तिथेच विरलं. नागनाथ एकुलता एक. अप्पांचा एक चुलतभाऊ तरुणपणी हैदराबादला कामाला गेला तो परत आलाच नाही, ही गोष्ट त्याने मला तेव्हाच सांगितली. वडिलांचं मन नसताना तो जाणार नव्हता. तो नाही तर मीही नाही. मी आपली क्रियापदं घोटून घ्यायला आले होते, आणि खरी परीक्षा ओसरीच्या टोकाला भस्म लावून बसली होती.

जेवायच्या आधी माझा पुणेरी स्वभाव उफाळून आला. मी सरळ अप्पांसमोर जाऊन बसले. तिकडे पगार किती वाढेल, कारखान्यात नाव कसं होईल, मुलाचं आयुष्य कसं मार्गी लागेल, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "अप्पा, तुम्ही त्याला पाठवणार ना? मनापासून सांगा."

"पाठवू की," अप्पा म्हणाले. "आमची काय बी दिक्कत न्हाई." आणि त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. नागनाथने माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि उठून वैरण टाकायला गेला.

मानवतच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मळ्यातली मोटर आणायला मानवतला जायचं होतं. जळालेली तार काढून नवी भरायला ती तिथे टाकलेली होती. जीपमध्ये माणसं कोंबलेली, त्यातली निम्मी वालूरची. नागनाथ सकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. जीप गावाबाहेर पडली तशी त्याने तोंड उघडलं, आणि उघडलं ते जर्मनमध्ये. घरची गोष्ट गावासमोर काढायची नव्हती ना!

वारुम, त्याने विचारलं. का? का तुम्ही त्यांना असं समोर बसवून विचारलंत? आता त्यांना तोंडाने हो म्हणावं लागलं. आता तो दरवाजा बंद झाला.

मी म्हटलं, मी पुन्हा बोलते, जास्त स्पष्ट बोलते.

"नाइन!" तो एवढ्या जोरात म्हणाला, की पुढच्या सीटवरचा माणूस वळला. स्पष्ट नको. तुमचं स्पष्टच नडलं.

मग आपल्या साहेबांना बोलायला लावू.

साहेबांना तर ते आणखी लवकर हो म्हणतील.

मग तू सरळ जा ना! तू काय लहान आहेस?

"आबर," तो म्हणाला, म्हणजे पण. पण मी गेलो तर ते जन्मभर मला एक शब्द बोलणार नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. ते मला नको. त्याचे प्रत्यय चुकत होते, क्रियापद भलत्या जागी पडत होतं, आणि तो थांबत नव्हता. मी तोडलं तर मला तोडत होता. माझं म्हणणं आधी स्वतःच्या शब्दांत सांगून मग खोडत होता. मीही कधी नव्हे ते ऐकत होते, कारण त्याच्याकडे काय उपाय आहे ते मला खरोखर माहीत नव्हतं.

माझ्या शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीला राहवेना. "काय गं बाई, कंच्या मुलखाचं भांडन हाय ह्ये?"

"सराव हाय, आजी," नागनाथ म्हणाला.

"लय चांगला चाललाय," आजी म्हणाल्या. "चालू द्या."

शेवटी त्याने सुचवलं. तुम्ही अप्पांना सगळं चांगलं चांगलं सांगितलंत, पगार आणि नाव. चांगल्यावर माणूस काय विचारणार? आपण अडचणी सांगू. मी म्हटलं, अरे, घाबरतील ते. तो म्हणाला, घाबरू देत, घाबरलेला माणूस विचारतो. मी यावर बराच वेळ वाद घातला आणि मग मानलं. मानवतचं पहिलं गोदाम दिसलं तेव्हा आम्ही निर्णयाला आलो होतो.

पुढे पुण्यात आमची खरी परीक्षा झाली. मशीनचा सुटा भाग उशिरा येतोय, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असा काहीतरी विषय आला, आणि आम्ही बऱ्यापैकी बोललो. परीक्षक खूष झाले, पासही झालो. पण आमची खरी जोडीची चर्चा त्या जीपमध्येच झाली आणि तिला परीक्षक त्या आजी होत्या, असं मी धरते.

मळा

मोटर बसवून झाली आणि विहिरीचं पाणी दंडात, पिकाकडे जाणाऱ्या पाटात पडलं तसे सगळे आगटीभोवती बसलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, दाणे पुढे करायचे. हे काम अप्पा स्वतः करत होते. त्यांचे तळहात भाजत कसे नव्हते, देव जाणे. हिरवा, दुधाळ, जरा धुरकट हुरडा, बरोबर दही, गूळ आणि मायची चटणी. मी पुण्यात हुरडा खाल्ला आहे. तो हुरडा नव्हता, एवढंच म्हणते.

नागनाथने मला खूण केली. आम्ही सुरू झालो, मराठीत, अप्पांकडे न बघता.

"तिकडं भाकरी न्हाई भेटत मॅडम."

"भात मिळतो ना. करून खा."

"कोन करनार? मला येत न्हाई."

"शिकून घे की मेल्या," माय मध्येच म्हणाली. "पोरींला येतं, तुला कामून येत न्हाई?"

"कँटीनमदी मटनाचा वास असतो म्हनतेत."

"आपण डबा घेऊन बाहेर बाकावर बसू."

"बर्फात?"

मी खरंच विचारात पडले, तिकडच्या थंडीत आपण डबा कुठे खाणार? थंडीचं झालं, पहाटेच्या पूजेचं झालं, चार वाजता मावळणाऱ्या दिवसाचं झालं. मग नागनाथ म्हणाला, "आन् हितं मोटर पुन्ना जळाली तर?" अप्पांचे हात थांबले. अप्पांनी हातातलं कणीस उलटून पाहिलं, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

"खा बाई," ते म्हणाले. "निवायलंय." आणि उठून दंडाचं पाणी बघायला निघून गेले.

झालं. मी नागनाथकडे पाहिलं, त्याने निखाऱ्याकडे. आम्हाला सगळं सुचलं होतं, बोलताही आलं होतं, आणि ज्यांच्यासाठी बोललो ते उठून गेले. मला वाईट वाटलं, आणि स्वतःचं हसूही आलं. पासपोर्टसाठी काढलेला फोटो पर्समध्ये घेऊन फिरत होते मी.

पुन्हा सेलू

निघायच्या दिवशी नागनाथही माझ्याबरोबर परत येणार होता. मायने भाकऱ्या, चटणी आणि हुरड्याची पुरचुंडी बांधून दिली. अप्पा धोतर नेसून, टोपी घालून तयार उभे होते. "सेलूत काम हाय जरा," ते म्हणाले. कसलं काम ते कुणी विचारलं नाही. जीपमध्ये ते पुढे बसले आणि वाटभर मान वळवली नाही.

सेलूला उतरल्यावर कामाकडे जायचं सोडून ते आमच्यामागून फलाटावर आले. सामान गाडीत चढवून दिलं. आम्ही खिडकीशी बसलो, ते खाली उभे राहिले. माझ्या मनात आलं, आता "बरं हाय" म्हणतील आणि सगळं संपेल. गार्डाने हिरवं निशाण बाहेर काढलं.

"तिकडं," अप्पा म्हणाले आणि थांबले. त्यांनी टोपी नीट केली. "तिकडं आंगुळीला ऊन पानी भेटतं का?"

नागनाथ एकदम उभा राहिला. त्याचं डोकं वरच्या फळीला आपटलं. "भेटतं अप्पा. नळालाच ऊन पानी येतं."

"नळाला? मंग सरपन?"

"सरपन लागत न्हाई."

"आन् बर्फात पूजेला फूल भेटंल का?"

"बघतो अप्पा. न्हाईच भेटलं तर पानी घालीन."

"ऱ्हायचं कुटं? संगं अजून कोन हाय? पहाटं उटवायला कोनी हाय का तुला? तू काय आपसुक उटत न्हाईस." गाडीने शिट्टी दिली. अप्पांनी खिडकीचा गज धरला. "गोधडी नेऊ देतेत का इमानात? मोटरचं त्या मानवतच्या मिस्त्रीला सांगून ठिवावं का आत्ताच? त्यो रामपुऱ्याचा बरा का ह्यो बरा?"

गाडी हलली. अप्पा फलाटावरून गजाला धरून चालू लागले, मग पावलं उचलायला लागले. या माणसाच्या पोटात एवढे प्रश्न होते! माझ्या घरी मला कुणी असे लागोपाठ प्रश्न केले तर मी उठून आत जाते. तिथे मला वाटत होतं, विचारा, आणखी विचारा. फलाट संपत आला तसा त्यांनी गज सोडला आणि तोंडाशी हातांचा कर्णा करून ओरडून विचारलं, "आन् वापस यायला गाडी कंची हाय?"

"इमानच, अप्पा!" नागनाथ खिडकीतून अर्धा बाहेर झुकून ओरडला. "मुंबईहून मनमाड, मनमाडहून सेलू! हितंच उतरतो!"

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. सेलू मागे पडल्यावर तो आत येऊन बसला. टेंगूळ आलेलं डोकं चोळत होता आणि डोळे गळत होते, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मी पण रडत होते, उगाच खोटं कशाला बोलू.

"मॅडम," तो म्हणाला, "अप्पा जा म्हनले."